‘अष्टपुत्रा’ नको म्हटलं म्हणून: संततिनियमन, धर्म आणि आपल्या घरातल्या बायका

माहुलीची (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात भाचीचं लग्न झालं. नमस्काराला वाकताना ती हळूच म्हणाली, ‘गुरुजी, अष्टपुत्रा म्हणू नका. सुखी राहा म्हणा.’ गुरुजी क्षणभर थांबले आणि ‘सुखी राहा’ म्हणाले. त्यांना काही वाटलं नाही. वाद झाला तो पंगतीत.

आत्या म्हणाली, मूल देणं न देणं देवाच्या हातात. त्यात माणसानं ढवळाढवळ केली की ते पापच. समोरच्या ताटावर थोरल्या काकू होत्या. त्यांना सात बाळंतपणं झाली, मुलं जगली चार. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मग ते पाप माझ्या नावावर लिही.’ आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सांगितलं, की सातव्या खेपेनंतर त्या माहेरी गेल्या आणि ऑपरेशन करून आल्या. सासरी कुणाला, अगदी काकांनासुद्धा, न सांगता. पुढे दिवस राहिले नाहीत तेव्हा सासूबाईंनी ‘देवानं ओटी आखडती घेतली’ म्हणत उपास धरले. ते उपास काकूंनीही केले.

त्या दिवसापासून मी रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा. 1891 साली त्यांची आई, राधाबाई, बाळंतपणात गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढचं सगळं काम त्यातूनच आलं असं मी म्हणणार नाही, पण वाचताना ते मनातून जात नाही. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्सबाईंचं केंद्र निघालं, म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. ही मतं उघड मांडल्यावर मिशनऱ्यांच्या त्या कॉलेजातली नोकरी गेली. 1927 पासून मरेपर्यंत, 1953 पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. घर मालतीबाईंनी नोकरी करून सांभाळलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड झाला, मासिक निघतच राहिलं.

कर्वे बुद्धिवादी होते. धर्म काय म्हणतो हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला होता. माझं तसं नाही. मी हरिपाठ म्हणते, एकादशी करते. म्हणून माझा प्रश्न देव मानणाऱ्यांना आहे. हे पाप आहे असं तुम्हाला वाटत असेल तर का वाटतं, आणि नसेल वाटत तर ते तुम्ही स्वतःला कसं पटवलंत? खरं खरं लिहा.

धामनदी

ताई, मी वर्ध्याचा, वय 78. वडील सेवाग्रामच्या रचनात्मक कामात होते, त्यामुळे हा वाद मी घरात ऐकत वाढलो.

डिसेंबर 1935 मध्ये संततिनियमनाच्या चळवळीतल्या अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या होत्या. आपल्या कामाला त्यांचा पाठिंबा मिळावा ही त्यांची इच्छा होती. लोक समजतात की गांधीजी कुटुंब लहान ठेवण्याच्या विरुद्ध होते. तसं नाही. संततीला मर्यादा हवी याबद्दल त्यांचं दुमत नव्हतं. विरोध गर्भनिरोधक साधनांना होता. त्यांचं म्हणणं, साधन हाती आलं की पुरुष जबाबदारीतून सुटतो आणि बायको त्याच्या भोगाची वस्तू होते. बाईनं नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकावं, आणि नवऱ्यानं ते ऐकावं, हा त्यांचा मार्ग. त्या भेटीत बोलता बोलता पाळीच्या हिशेबानं सुरक्षित दिवस पाळण्याला त्यांनी तितका विरोध केला नाही, हेही नमूद करतो.

माझंही मत तेच आहे. आज साधनं गल्लोगल्ली मिळतात. बाईचा मान वाढला का? संयम कठीण आहे म्हणून तो चूक ठरत नाही. आपल्याकडे गृहस्थाश्रमालाही ऋतुकालाची मर्यादा सांगितली आहे, त्यामागे काही विचार होता.

महाड27

काका, आदर ठेवून विरोध करतो. ‘बाईनं नाही म्हणावं’ हे वाक्य ऐकायला चांगलं आहे. 1935 साली किती बायकांना तसं म्हणता येत होतं? आज किती जणींना येतं? संयमाचा मार्ग पूर्णपणे पुरुषाच्या मर्जीवर उभा आहे. त्यानं पाळला तर बाई वाचली, नाही पाळला तर तिनं पुन्हा नऊ महिने काढायचे.

सँगर-गांधी भेटीनंतर तीनच वर्षांनी, 10 नोव्हेंबर 1938 रोजी, मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं संततिनियमनाचा ठराव आणला. पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी तो मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार करून दिलेलं. त्यात एक मुद्दा आहे जो मी माझ्या मुलांना वाचून दाखवला: बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागत असत्या, तर एकापेक्षा जास्त मुलाला एकही पुरुष तयार झाला नसता. सरकारनं लोकांना माहिती द्यावी, साधनं उपलब्ध करून द्यावीत, एवढीच मागणी होती. सभागृहानं ती फेटाळली.

तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या तोंडी नीती होती. त्यांच्या घरात मात्र दाई होती, डॉक्टर होता, दूध होतं. चाळीत आणि वस्तीत सहावं मूल म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी ठराव आणला.

बावखल

मी वसईची, कॅथलिक. नाव सांगत नाही, कारण आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. माहुलीताई, ‘खरं खरं लिहा’ म्हणालात म्हणून लिहिते. लांबेल.

आमच्या चर्चची भूमिका अनेकांना अर्धवट माहीत असते. पतिपत्नीचं प्रेम आणि नवा जीव, या दोन गोष्टी देवानं एकाच गाठीत बांधल्या आहेत, माणसानं मुद्दाम ती गाठ सोडू नये, असं ते सांगणं आहे. म्हणून निसर्गाच्या चक्राप्रमाणे दिवस पाळलेले चालतात, पण गोळी, तांबी, निरोध, ऑपरेशन चालत नाही. 1930 मध्ये पोप अकरावे पायस यांनी हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी अँग्लिकन चर्चनं मात्र काही परिस्थितीत साधनांना मुभा दिली. म्हणजे ख्रिस्ती म्हणवणारेही तिथून दोन वाटांनी गेले.

पुढे गोळी आली आणि प्रश्न पुन्हा उघडला. व्हॅटिकननं आयोग नेमला. त्यात डॉक्टर होते, लग्न झालेली जोडपी होती, बिशप होते. आपल्या मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस हेही त्याचे सभासद होते. आयोगातल्या बहुसंख्यांचं मत पडलं की साधनांचा निर्णय जोडप्याच्या सदसद्विवेकावर सोडावा. पोप सहावे पॉल यांनी ते मानलं नाही. 25 जुलै 1968 च्या ‘हुमाने वीते’ या पत्रात जुनी शिकवण कायम राहिली. त्या पावसाळ्यात माझी आई चौथ्यांदा गरोदर होती. ते बाळ म्हणजे मी. त्यामुळे या वादाबद्दल मला तटस्थ राहता येत नाही, कुठल्याच बाजूनं.

लग्नाआधीच्या वर्गात आम्हाला तक्ता ठेवायला शिकवलं. तापमान, स्राव, रोजची नोंद. आम्ही अकरा वर्षं तो तक्ता पाळला आणि त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही. माझ्या नवऱ्याला माझ्या शरीराची जेवढी माहिती होती तेवढी माझ्या हिंदू मैत्रिणींच्या नवऱ्यांना नव्हती. धामनदीकाका म्हणतात तो संयम मी जगले आहे, तो खोटा नाही. पण तो दोघांनी मिळून करायचा असतो. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा दारू पितो. तिच्यासाठी तो तक्ता म्हणजे भिंतीवरचा कागद होता.

तिसऱ्या बाळंतपणात माझं बीपी हाताबाहेर गेलं. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा नको. मी कबुलीसंस्काराला गेले. फादर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, शिकवण मी तुला सांगितली आहे. आता देवासमोर बसून तुझ्या विवेकाला विचार आणि त्याचं ऐक. मी तांबी बसवली. पुढच्या रविवारी कम्युनियनची, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद घ्यायची, रांग लागली आणि मी बाकावरून उठले नाही. त्यानंतरच्या रविवारी उठले. हे बरोबर की चूक याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण त्या दोन रविवारांमधल्या आठवड्यात मी जेवढी प्रार्थना केली तेवढी आयुष्यात केली नाही.

माहुलीची

बावखल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आत्ता काही लिहीत नाही.

पर्वतीपायथा

मला वेगळं म्हणायचं आहे, कृपया शांतपणे वाचा. माझं मूळ गाव राजापूर तालुक्यात. वाडीत 22 घरं, त्यांतली 14 कुलूपबंद. गणपतीत खांदा द्यायला माणसं भाड्यानं आणावी लागतात. डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात सरसंघचालकांनी सांगितलं की जन्मदर (बाईमागे मुलं) 2.1 च्या खाली गेला की समाज हळूहळू संपतो, त्यामुळे तीन मुलं हवीत. लोकांनी टीका केली. मला त्यात तथ्य वाटतं. पितृऋण म्हणजे नुसती कल्पना नाही. ज्यांनी आपल्याला भाषा, देव, शेत दिलं, त्यांचं देणं पुढे कुणाकडे तरी द्यायचं असतं. आपण एकावर थांबतो आणि बाकीचे थांबत नाहीत, हेही डोळ्यांआड करून चालणार नाही.

वाशिष्ठी

‘बाकीचे’ म्हणजे मी. चिपळूणचा, कोकणी मुसलमान, तुमच्या राजापुरापासून फार लांब नाही. आमच्या मोहल्ल्यातही कुलपं आहेत, माणसं आखातात आहेत.

आकडे सरकारचेच देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1992-93 साली मुसलमान बाईमागे सरासरी 4.4 मुलं होती, हिंदू बाईमागे 3.3. 2019-21 मध्ये ते 2.4 आणि 1.9 झाले. म्हणजे उतरण आमच्याकडे जास्त वेगाची आहे. थांबत नाहीत हे खरं नाही. जिथे मुली शाळेत गेल्या, दवाखाना जवळ आला, तिथे सगळ्यांचीच मुलं कमी झाली. माझ्या आजीला नऊ, आईला चार, बायकोला दोन. मधल्या काळात आमचा धर्म बदललेला नाही.

आता माहुलीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे हा विषय हजार वर्षं चर्चेत आहे. पैगंबरांच्या हयातीत लोक ‘अज्ल’ करत, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पुरुष ऐनवेळी बाजूला होई. पैगंबरांचे साथी हजरत जाबिर सांगतात की कुराण उतरत होतं तेव्हा आम्ही हे करत होतो. मनाई आली नाही. अकराव्या शतकात जन्मलेल्या इमाम गझालींनी त्याची कारणंही दिली आहेत: बाळंतपणात बायकोच्या जिवाला धोका, पोरवडा वाढून माणसाची होणारी ओढाताण. पुष्कळ फकीहांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनी, यात बायकोची संमती लागते असंही म्हटलं आहे. त्या काळाचा विचार करा, तिला विचारायचं, हे लिहून ठेवलं आहे.

दुसरी बाजूही सांगतो. ‘गरिबीच्या भीतीनं लेकरांना मारू नका’ ही आयत आमचे काही बुजुर्ग कुटुंब नियोजनाविरुद्ध दाखवतात. ती जन्मलेल्या लेकरांबद्दल आहे असं मला शिकवलं गेलं आणि मला ते पटतं. कायमच्या ऑपरेशनला मात्र अनेक उलेमांचा आक्षेप आहे. माझी अम्मी त्यामुळेच ऑपरेशनला तयार झाली नाही, पण गोळ्या तिनं वर्षानुवर्षं घेतल्या. इराणमध्ये 1989 नंतर मौलवींच्याच पाठिंब्यानं सरकारनं मोठा कार्यक्रम राबवला, लग्नाआधी जोडप्याला वर्ग सक्तीचा होता, आणि दहा-बारा वर्षांत जन्मदर दोनाच्या आसपास आला. पुढे त्याच सरकारला लोकसंख्या वाढवावीशी वाटली तेव्हा साधनं आवळली. पर्वतीपायथाभाऊ, हा भाग नीट पाहा. देव तोच, किताब तीच. सरकारला माणसं कमी हवीत की जास्त, एवढंच बदललं.

पर्वतीपायथा

आकडे तपासले. तुमचे बरोबर आहेत. ‘थांबत नाहीत’ हे शब्द मागे घेतो. वाडी ओस पडण्याचं माझं दुःख मात्र तसंच आहे.

वाशिष्ठी

ते माझंही आहे.

माहुलीची

शास्त्राबद्दल थोडं. मी एका जाणकार संस्कृत शिक्षिकेला विचारलं. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात पुत्र व्हावा, कन्या विदुषी व्हावी यासाठीचे विधी आहेत, आणि त्यांच्याच शेजारी ‘हिला गर्भ राहू नये’ अशी इच्छा असलेल्यासाठीही मंत्र आहे. म्हणजे ती इच्छा ऋषींना माहीत होती आणि उच्चारायला अभद्र वाटली नाही. भ्रूणहत्येला धर्मशास्त्रात घोर पाप म्हटलं आहे, पण ती गोष्ट वेगळी. आत्यानं दोन्ही एकात कालवलं होतं. बहुतेक घरांत तेच होतं.

फक्त एक खटकलं. त्या मंत्रातही इच्छा पुरुषाची आहे.

उपकेंद्र

मी परभणी जिल्ह्यात 31 वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी उपकेंद्राची नर्स, होते. 1986 ला लागले. धर्मावर तुम्ही सगळे छान लिहिताय, मी पाहिलेलं लिहिते.

बायकांनी मला ‘हे पाप आहे का’ असं क्वचित विचारलं. त्या विचारायच्या, ‘सिस्टर, घरी कळंल का?’ तांबीचा धागा नवऱ्याला लागंल का, इंजेक्शनचा कागद कुठं ठेवू, गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवल्या तर चालतील का. देवाचं भ्या नव्हतं तितकं, घराचं होतं.

आणि सरकारही काही साधुसंत नव्हतं. ऑपरेशनला आणलेल्या माणसांना आमच्याकडे ‘केसेस’ म्हणायचे. मार्च आला की टार्गेट. केस आणली का, किती झाल्या. बाईला बाई म्हणायचं आम्ही विसरलो होतो, मी पण. 1996 ला टार्गेट कागदावरून गेलं, मनातून जायला लई वर्षं लागली. आणीबाणीत माझे मामा मास्तर होते. दोन केसेस आणल्याशिवाय पगार सुटणार नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांनी शेवटी स्वतःची करून घेतली. दुसरी केस म्हणून गावातल्या एका मजुराला नेलं, त्याला एकच लेक होती. मामा मरेपर्यंत त्या घरावरून जाताना मान खाली घालायचे. 1976-77 त्या एका सालात देशात 81 लाख नसबंद्या झाल्या, आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं मोजल्या आहेत. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पास केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. हे लक्षात ठेवा. पोप नको म्हणतो तेव्हाही बाईला कुणी विचारत नाही आणि सरकार कराच म्हणतं तेव्हाही विचारत नाही.

2014 ला छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली. त्या प्रकरणात 13 जणी गेल्या. पुढे 2016 ला सुप्रीम कोर्टानं अशी शिबिरं बंद करायला लावली. त्या बातमीच्या रात्री मी आमची जुनी शिबिरं आठवत जागी होते. शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीनं झोपवलेल्या बाया, डिसेंबरची थंडी, एक एक गोधडी दोघींत.

पुरुषांचं बोलायचं तर काय बोलू. बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची आहे, पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी माणूस घरी चालत जातो. पण ‘कमजोरी येते, वजन उचलंना’ म्हणून कुणी येत नाही. आणि त्याची आईच त्याला येऊ देत नाही. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभरातल्या 49 लग्न झालेल्या बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांचं अर्धा टक्कासुद्धा नाही. 31 वर्षांत माझ्या हातून गेलेले गडी मी नावानिशी सांगू शकते, इतके थोडे. त्यांतला एक वारकरी होता, दरसाल पायी जायचा. त्याला विचारलं, माळकरी माणूस तुम्ही, तुम्हाला नाही वाटलं काही? तो म्हणाला, ‘तिनं तीनदा मरण पाह्यलं. माझी एक सुई झाली.’

महाड27

सिस्टर, या प्रतिसादासाठी शब्द नाहीत. एक जोडतो. त्या सक्तीत उचलून नेलेले कोण होते? मजूर, दलित, आदिवासी, झोपडपट्टीतले मुसलमान. 1938 मध्ये ज्यांनी माहिती आणि साधनं मागितली त्यांना नीती सांगितली गेली, आणि अडतीस वर्षांनी त्याच वस्त्यांत साधन जबरदस्तीनं पोचलं. बाबासाहेबांनी मागितलं ते हे नव्हतं.

कॉर्कवासी

मी आयर्लंडला असते, आठ वर्षं झाली. बावखलताईंचं वाचून राहवलं नाही. इथे 1935 च्या कायद्यानं साधनं विकणं आणि आणणं दोन्ही गुन्हा होता. 22 मे 1971 ला डब्लिनच्या बायका आगगाडीनं उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या, तिथे ब्रिटिश कायद्यामुळे बंदी नव्हती, साधनं विकत घेतली आणि परतताना स्टेशनवर कस्टमवाल्यांसमोर ती उंच धरून दाखवली. कुणालाही अटक झाली नाही. 1979 साली कायदा थोडा सैल झाला, तोही डॉक्टरच्या चिठ्ठीवर. 2022 पासून तरुण मुलींना साधनं सरकार फुकट देतं. एका माणसाच्या आयुष्यात हे सगळं घडलं. माझ्या शेजारच्या आजी 86 वर्षांच्या आहेत. रोज चर्चमध्ये प्रार्थनेला जातात, गळ्यात क्रूस आहे. त्यांना अकरा मुलं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, मला मुलं नको होती असं नाही, मला विचारलं गेलं असतं तर बरं वाटलं असतं.

नवीन सभासद

मी नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. चुकलं तर माफ करा.

मला दोन मुली आहेत. दुसरी नऊ महिन्यांची. दोन्ही वेळा सिझर झालं. रक्त कमी आहे, डॉक्टर म्हणाले दोन-तीन वर्षं तरी दिवस राहू देऊ नका. सासूबाईंनी मुलासाठी देवीला नवस बोललाय. मिस्टर म्हणतात, नवस बोलल्यावर अडवायचं नसतं, कोप होतो. ते वाईट नाहीत, मारत नाहीत, पण आईपुढं बोलत नाहीत. आशाताई म्हणतात तांबी बसवून घे, कुणाला सांगू नको.

मी पण त्याच देवीचा शुक्रवार करते. माझा प्रश्न असा, की नवस बोललेला असताना चोरून केलं तर देवीला खोटं बोलल्यासारखं होतं का? आणि नवऱ्याला?

पर्वतीपायथा

ताई, तुमची तब्येत आधी, यात वाद नाही. पण नवऱ्यापासून लपवू नका. संसार विश्वासावर चालतो. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला, नाहीतर डॉक्टरांनाच, मिस्टरांशी बोलायला सांगा. पुरुषाला डॉक्टरनं सांगितलेलं पटतं.

महाड27

आणि नाही पटलं तर? तोवर दिवस राहिले तर? विश्वास मोडण्याचं ओझं तिच्यावरच का टाकायचं? दोन सिझर झालेल्या, रक्त कमी असलेल्या बायकोपुढे नवस ठेवणाऱ्यानं तो आधीच मोडलाय.

बावखल

पोरी, देवीचं मी काय सांगणार, माझा धर्म वेगळा. पण एक विचार. नवस सासूबाईंनी बोलला. तू बोललेली नाहीस. दुसऱ्याच्या शरीराच्या भरवशावर बोललेला नवस देवी तुझ्याकडून का वसूल करेल?

धामनदी

या मुलीचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. म्हणून जे कुठे लिहिलं नव्हतं ते लिहितो.

मी वयाच्या 41 व्या वर्षी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. गांधीजींच्या वाटेनं जायचं म्हणून. तोवर आम्हाला पाच मुलं झाली होती. आज पहिल्यांदा मनात आलं, की पाचही वेळा मी तिला विचारलं नव्हतं, आणि व्रत घेतानाही विचारलं नव्हतं. सकाळी प्रार्थना झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, ती मान हलवून स्वयंपाकघरात गेली. मी ती संमती समजलो. ती गेली, त्याला आता सहा वर्षं झाली.

संयमावरची श्रद्धा माझी गेलेली नाही. पण मुली, तुझ्या नवऱ्याकडे संयम नाही आणि धीरही नाही, तर तुला संयमाचा उपदेश करायचा अधिकार मला नाही. आशाताई सांगतात तसं कर.

उपकेंद्र

बाळा, मी कामाचं सांगते.

तांबी बसवायला नवऱ्याची सही लागत नाही. ऑपरेशनलाही लागत नाही. कुणी मागितली तर सांग, नियमात नाही. पण तुझं रक्त कमी आहे आणि तांबीनं काही जणींना पाळीत जास्त जातं. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासून घे, आणि डॉक्टरबाईंना दुसरं काय आहे ते विचार. ‘अंतरा’चं इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा असतं, त्यानं पाळी पुढेमागे होते, घाबरायचं नाही. ‘छाया’ची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. दोन्ही अंगावर पाजतानाही चालतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. इंजेक्शनचा कागद सोडला तर घरात ठेवायला काही नसतं. लोहाच्या गोळ्या चुकवू नको, चहाबरोबर घेऊ नको.

नवऱ्याला कधी सांगायचं ते तू ठरव. आधी तुझ्या अंगात रक्त येऊ दे.

माहुलीची

नवीन सभासद, तुमचा प्रश्न मी काल काकूंना वाचून दाखवला. त्यांना मोबाइलवर वाचता येत नाही. पुन्हा वाच म्हणाल्या, मग पुन्हा वाचला. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

‘तिला म्हणावं, मी लपवलं त्याचं मला काही वाटलं नाही. देवाला माहीत होतं, त्याच्यापासून लपवलंच नव्हतं. पण टाके पिकले आणि ताप भरला, तेव्हा मी चार दिवस सासरी माजघरात पडून होते, आणि कशानं ताप आलाय हे एकाही माणसाला माहीत नव्हतं. मेले असते तर कुणाला कळलंही नसतं कशानं मेले. नवऱ्याला सांगायचं नसेल तर नको. पण एका बाईला सांगून ठेव म्हणावं. एकटीनं करू नको.’

नवीन सभासद

आजीबाईंना नमस्कार सांगा. आशाताईंना सांगून ठेवलंय. माहेरी वहिनीला पण. बुधवारी लसीकरणाचा दिवस असतो, धाकटीला घेऊन जातेच, तेव्हा दोघी सोबत येणार आहेत. रक्त पण तपासणार.

या शुक्रवारचा उपास केला मी. देवीला सांगितलं सगळं.